राणीसाहेबांचा खरा सीन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. नरसय्याला नाही — आणि त्याला तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, कारण तो तेव्हा माझ्यापासून चार हातांवर उभा होता. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. दुसरं मला माहीत नाही.

पण आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. मध्यंतरी पुण्याच्या एका फिल्म क्लबात आमचा जुना सिनेमा दाखवला. वीस मिनिटांचा, मुका, आठ मिलिमीटरचा. खेळ संपल्यावर एक तरुण मुलगी उठली आणि म्हणाली, "तुम्ही एका म्हाताऱ्या नटीची थट्टा केलीत. तुम्हाला लाज नाही वाटत?" मी म्हणालो, नाही वाटत. ती उभीच होती. मी पुन्हा म्हणालो — नाही वाटत. घरी येताना बायको गाडीत बोलली नाही माझ्याशी. चालेल. त्या सिनेमाची लाज मला तेव्हा वाटली नाही, आज वाटत नाही आणि उद्याही वाटणार नाही.

लाज आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. ती त्या मुलीला ठाऊक नव्हती. कुणालाच नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी सोलापुरात लग्नाचे फोटो काढत असे. पंचवीस-सव्वीसचा होतो. एकदा मुंबईला फिल्म आणायला गेलो असताना एका मित्रानं मला दादरला कुणाच्या तरी घरी नेलं. भरदुपारी पडदे ओढलेले, दहा-बारा माणसं जमिनीवर बसलेली. परदेशी सिनेमा होता, चोरून आणलेला, सेन्सॉरला कधी न दिसलेला. मी काय बघायला मिळेल म्हणून गेलो होतो, हे तुम्ही ओळखलं असेलच. आणि दिसलं काय? दाढीची निळी झाक असलेला एक आडदांड माणूस, डोक्यावर बाईचा टोप, एका विसरल्या गेलेल्या नटीचं काम करत होता. पुठ्ठ्याचा महाल. न आलेल्या वार्ताहरांकडून ती फुलं घेत होती. कोचावर तीनदा बेशुद्ध पडली — पहिल्या दोन वेळा कॅमेरा भलतीकडेच होता.

सगळे हसत होते. मीही हसलो. आणि हसता हसता मला रडू यायला लागलं. दोन्ही एकाच वेळी — हे मला आधी कुठल्याच सिनेमानं केलेलं नव्हतं. मोठ्या सिनेमात मागे पडलेली नटी दाखवली की मागे सारंगी वाजते आणि आपण हळहळून घरी जातो. इथे डिंक दिसत होता, टाचण्या दिसत होत्या, टोपाखालचे खरे केस दिसत होते, आणि तरीही तो माणूस काय ऐटीत बसला होता सिंहासनावर! ज्यांना यात फक्त टिंगल दिसते त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. त्यांना नाही दिसत, मला दिसतं.

चोरबाजारातून मी किल्ली देऊन चालणारा सिनेमाचा कॅमेरा घेतला आणि सोलापूरला आलो.

नरसय्याचे भवानी पेठेत चार यंत्रमाग होते. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखीच मराठी. गणपतीच्या मेळ्यात बायकांची कामं करून त्यानं नाव काढलं होतं. त्याला मी सिनेमाची गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, "म्हातारी नटी? मीच बे. दुसरं कोण हाय पेठेत?" मागांच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही त्याच्या शेडमध्ये जमायचो. चादरी टांगून महाल केला, बेगडाचा मुकुट केला, काळ्या दोऱ्याचे तुकडे डिंकानं चिकटवून पापण्या केल्या. सिनेमाचं नाव 'राणीसाहेब रागावल्या'. नरसय्याची बायको त्याला बघून म्हणाली, "माझ्यापेक्षा बरे दिसताय की." तो दिवसभर त्या तोऱ्यात होता.

गोष्ट मात्र आम्ही हवेतून काढलेली नव्हती. चार गल्ल्या पलीकडे गंगव्वा राहायची. पासष्टीची बाई, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. पेठ तिला नटी म्हणायची, आणि म्हणताना हसायची. मूकपटांच्या काळात ती 'मिस नीलतारा' होती, राण्यांची कामं करायची. मग सिनेमा बोलायला लागला. गंगव्वा अक्कलकोटाकडची, घरची भाषा कानडी. तिनं तोंड उघडलं आणि स्टुडिओतली माणसं हसली. तिथेच संपलं.

आपल्यावर कुणीतरी सिनेमा काढतंय हे तिच्या कानावर गेलं. एका सकाळी ती पदर खोचून शेडच्या दारात उभी. नरसय्या कोचावर बेशुद्ध पडण्याच्या तयारीत होता, तो तसाच अर्धवट थांबला. मला वाटलं, आता चप्पल निघते. ती जवळ गेली, त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि म्हणाली, "पापण्या उलट्या लावलास की रे."

नरसय्यानं पापणी चाचपून बघितली.

"अन् चक्कर अशी येत न्हाई. पोतं पडल्यागत पडलालास. आधी मान जाते, मग गुडघा. कंबर सगळ्यात शेवटी. कंबरेला लई उशिरा कळतं."

नरसय्या चाचरत म्हणाला, "अव्वा, रागावली न्हाईस?"

"ही माजी नक्कल हाय म्हणं! एवढी भरभक्कम मी कदी होते रे, मुडद्या?" असं म्हणून ती जी हसली, की मागाच्या फणीवर हात टेकून तिला उभं राहावं लागलं.

त्यानंतर ती दर सुट्टीला यायची. नरसय्याला चालायला तिनं शिकवलं. वार्ताहरांना झिडकारायची तऱ्हा तिची. सिनेमात राणीसाहेबांची खाष्ट मोलकरीण आहे ना, ती स्वतः गंगव्वा. म्हणून म्हणतो, थट्टा केली म्हणणाऱ्यांनी आधी तो सिनेमा डोळे उघडून बघावा. त्यातलं निम्मं हसू तिनं दिलेलं आहे.

तिची एकच अट होती. पहिल्याच दिवशी, मला तम्मा म्हणजे धाकटा भाऊ म्हणून, घातलेली.

"तुमचं सोंग मी बी करते. पण माजा एक सीन घ्यायचा, तम्मा. खराखुरा. हसायचं न्हाई."

तिच्या शेवटच्या मूकपटातला तो सीन होता. राणी दरबारात बसली आहे, एका गरीब माणसाची फिर्याद चालू आहे, आणि कुणीतरी येऊन तिच्या कानात सांगतं की तुझा मुलगा लढाईत पडला. ती उठत नाही. फिर्याद शेवटपर्यंत ऐकते, न्याय देते, आणि मग उठते. एवढंच. तो सीन चित्रित झाला होता, पण सिनेमा पुरा होण्याआधी कंपनीच बंद पडली. रिळं भंगारात गेली, त्यातली चांदी काढून घेतली, असं तिनं ऐकलं होतं. म्हणजे तिचं सगळ्यात चांगलं काम कुणी पाहिलंच नव्हतं. आणि माझा कॅमेरा मुका होता. तिथे तिला बोलावं लागणार नव्हतं, कुणी हसणार नव्हतं. कळतंय ना तुम्हाला, तिला त्या कॅमेऱ्यात काय दिसत होतं ते?

मी हो म्हणालो. आणि पुढे ढकलत राहिलो. मला त्या सीनचा कंटाळा आला होता — न बघताच. जुन्या पद्धतीचे हातवारे, डोळे फिरवणं, असंच काहीतरी असणार असं मी धरून चाललो होतो. उतरलेली कीर्ती मला टोप घालून आलेली आवडायची. साध्या लुगड्यात, गंभीरपणे समोर उभी राहिली की मला काय करावं कळेना.

आता येतो तिथे. येतोच.

लग्नात फोटो काढणाऱ्यांची एक जुनी सवय आहे. वऱ्हाडातला कुणी मामा पाचव्यांदा येऊन म्हणतो, आमचा एक काढा की. त्याला नाही म्हणता येत नाही आणि फिल्म वाया घालवता येत नाही. मग आम्ही नुसताच उजेड पाडायचो. फिल्म पुढे सरकवायचीच नाही. त्याला आमच्यात 'खाली फ्लॅश', म्हणजे रिकामा फ्लॅश, म्हणत. मामा खूश, आम्ही खूश. मी रोज करायचो. त्याला फसवणूक म्हणतात हे मनातही आलं नव्हतं.

सिनेमा संपत आला होता. माझ्याजवळ एकच रीळ उरलं होतं, चार मिनिटांचं. ते मी शेवटच्या सीनसाठी ठेवलं होतं — राणीसाहेब हातगाडीवर सिंहासन मांडून भवानी पेठेतून मिरवत जातात, तो सीन. दुसरं रीळ मुंबईहून यायला महिना लागला असता. गंगव्वाला मी महिनाभर थांब म्हटलं असतं तर ती थांबली असती. चाळीस वर्षं थांबलेली बाई! पण मी विचारलंच नाही. ती त्या सकाळी जुनं जरीचं लुगडं नेसून आली, तिनं नरसय्याला फिर्यादी केलं, माझ्याकडे बघून मान हलवली. आणि मी किल्ली दिली. कॅमेरा घरघरला.

आत रीळ नव्हतं.

काय सांगू तुम्हाला? तिनं हात हलवला नाही. डोळे फिरवले नाहीत. कानात सांगायला कुणी नव्हतं, तरी बातमी आली, आणि तिच्या तोंडावर काहीच झालं नाही — पण जे होत नव्हतं ते दिसत होतं. समोर नरसय्या हात जोडून उभा. ती त्याच्याकडे बघत राहिली, नीट, जणू जगात त्याच्या फिर्यादीइतकं महत्त्वाचं काही नाही. मग मान किंचित हलवून तिनं न्याय दिला. मग उठली. उठताना कळलं की तिच्या पायांत बळ उरलेलं नाही. नरसय्याच्या तोंडावरचा रंग ओघळत होता, तो पुसतही नव्हता.

मी भिंगातून बघत होतो. पहिल्या दहा सेकंदांतच मला कळलं होतं काय घडतंय ते. रीळ माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होतं. "अव्वा, थांब, पुन्हा घेऊ," एवढंच म्हणायचं होतं. पुन्हा केलं असतं तिनं. दहादा केलं असतं. पण मग कळलं असतं की पहिल्यांदा कॅमेरा रिकामा होता. माझी अब्रू, आणि माझी हातगाडी — या दोन गोष्टींसाठी मी गप्प राहिलो. किल्ली संपेपर्यंत बटण दाबून धरलं.

"आलं का रे?" तिनं विचारलं.

"झकास आलं, अव्वा."

पुढच्या आठवड्यात त्या रिळावर मी हातगाडीचा सीन घेतला. चांगला आला. पुण्यात लोक सगळ्यात जास्त त्यालाच हसले.

सिनेमा शेडमध्ये दाखवला तेव्हा ती पुढे बसून खळखळून हसली. संपल्यावर इकडेतिकडे बघत म्हणाली, "माजा सीन?" मी म्हणालो, तो या सोंगात मिसळायचा नाही अव्वा, तो वेगळा ठेवलाय, मुंबईला मोठ्या माणसांकडे पाठवलाय. हे मला त्या क्षणी सुचलं. किती सहज सुचलं! तिनं पेठभर सांगितलं, माजा सीन मुंबईला गेला. नटी म्हणून हसणारे थोडे कमी हसायला लागले. मी भेटलो की ती विचारायची, काय म्हणाले रे? दोन-तीन वर्षं मी टोलवलं. शेवटी मी मुंबईच्या एका साहेबांच्या नावानं तिला पत्र लिहिलं. असा साहेब कुणी नव्हता. पत्रात तिच्या त्या सीनविषयी दोन पानं होती. मी भिंगातून जे पाहिलं ते सगळं लिहिलं, एक शब्द वाढवून नाही. तिला वाचता येत नव्हतं. शेजारची सून तिला ते वाचून दाखवायची, आणि मग ती ते भिंतीवर सिद्धरामेश्वराच्या तसबिरीखाली खोचून ठेवायची.

कधी कधी मनात येतं, तिला कळलं असेल. तिच्या काळात कॅमेरा हातानं फिरवायचे, तिचा कान त्यावर तयार झालेला. रिकाम्या कॅमेऱ्याचा आवाज थोडा हलका येतो. पण हे मी माझ्या सोयीसाठी मनात आणतो. तिला कळलं नव्हतं.

सत्तरचं दशक संपता संपता ती आजारी पडली. मी बघायला गेलो. सूप कोपऱ्यात उभं होतं, तिच्यानं आता विड्या वळवत नव्हत्या. बरं चाललंय का, लग्नं किती मिळाली यंदा, असं तिनंच मला विचारलं. मग म्हणाली, "मला न्हाई बघायचं तम्मा आता. डोळेच गेलेत. पण ते ऱ्हाईल न्हवं, माज्या मागं?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. सकाळची वेळ होती, दार उघडं होतं, खरं सांगायला कुणाची आडकाठी नव्हती.

"राहील की, अव्वा," मी म्हणालो. जराही न अडखळता म्हणालो.