दक्षिणेकडे लावलेलं झाड

आमच्या न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत कुणा मराठी माणसाने नवीन घर घेतलं की वास्तुशांतीच्या जेवणानंतर तो मला हळूच मागच्या अंगणात घेऊन जातो. "काका, इथे सावलीसाठी एक झाड लावायचंय. थंडीत टिकेल असं काय घेऊ?" मला झाडांतलं कळतं अशी या भागात अफवा आहे. ती मीच पसरवलेली आहे. मग मी पोटावर हात ठेवून सांगतो. ओक लाव. हळू वाढतो, पण बर्फाचं वजन पेलतो. तेवढा धीर नसेल तर रेड मेपल घे, किंवा लिंडन. पण दक्षिणेकडे लावणार असशील तर पानं गाळणारंच झाड घे. तिथे सदाहरित काही लावू नकोस, अगदी फुकट मिळालं तरी.

"का हो काका?" असं कुणी विचारलं की मी बासुंदीची चौकशी करतो.

आम्ही घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात एकही झाड नव्हतं. बिल्डरने गवत अंथरून दिलं होतं, बस्स. पहिल्या जुलैत मी अनवाणी मागच्या लाकडी डेकवर पाऊल टाकलं आणि नागपूरचीच आठवण झाली. ठरवलं, सावली करायची. तेवढ्यात ऑफिसचं काहीतरी निघालं, मग गणपती, मग दिवाळी, आणि नर्सरीत जायला नोव्हेंबर उजाडला.

नर्सरीचा मालक सत्तरीचा, गुडघ्याला पट्टा बांधलेला अमेरिकन म्हातारा होता. त्याने तीनच प्रश्न विचारले. झाड घराच्या कोणत्या बाजूला? भिंतीपासून किती लांब? कशासाठी हवंय? मी म्हणालो, दक्षिणेला, पंधरा फुटांवर, सावलीसाठी. तो मला मेपल आणि ओकच्या रांगेत घेऊन गेला. नोव्हेंबर असल्यामुळे माझ्यासमोर नुसत्या काटक्या उभ्या होत्या. मला वाटलं, देशी गिऱ्हाईक बघून हा वाळलेला माल खपवतोय. कोपऱ्यात मात्र एक नॉर्वे स्प्रूस, ख्रिसमस ट्रीच्या जातीचं, उभं होतं. माझ्याहून उंच, गच्च हिरवं, खालपासून वरपर्यंत भरलेलं.

"हे हिवाळ्यातही असंच राहतं?" मी विचारलं.

"दॅट्स द प्रॉब्लेम," तो म्हणाला. "ग्रेट ट्री. जस्ट नॉट देअर."

हिरवं राहणं हा प्रॉब्लेम! मला हसूच आलं. आमच्याकडे झाडाने सावली दिली की ते पुण्याचं काम; कमी दिली तर कमी पुण्य. सहा महिने टक्कल करून उभं राहणाऱ्या झाडाला सावलीचं झाड कोण म्हणेल? (टक्कल हा विषय तेव्हा मला इतका जवळचा नव्हता.)

बायको पुण्याची. ती म्हणाली, "अरे, तो माणूस आयुष्यभर झाडं विकतोय आणि तू आयुष्यभर डेटाबेस सांभाळतोयस. ऐक ना जरा त्याचं."

"नागपूरच्या माणसाला सावली शिकवायची नाही," मी म्हणालो.

"नाहीच शिकवत. नागपूरच्या माणसाला काही शिकवता येतं असा माझा अनुभव नाही."

स्प्रूस घरी आलं. मी स्वतः खड्डा खणला, म्हणजे अर्धा खणला, उरलेला नर्सरीच्या माणसांनी. झाड मात्र जोमदार निघालं. बर्फ, गारठा, हरणं, माझी बागकामाची हौस, सगळ्याला पुरून उरलं. आठ वर्षांत दोन मजल्यांच्या वर गेलं.

सावलीचं म्हणाल, तर उन्हाळ्यात इथे सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे ऐन दुपारी त्याची सावली त्याच्याच पायाशी पडायची. डेकपर्यंत ती कधी पोचलीच नाही. बरं, झाडाखाली खुर्ची टाकावी, तर फांद्या जमिनीला टेकलेल्या. माझ्या सावलीच्या झाडाखाली फक्त ससे बसू शकत होते. तरीही मला त्याचं कौतुक होतं. बर्फाने लगडलं की मी फोटो काढून नागपूरला पाठवायचो, आणि दर रविवारी फोनवर बाबा विचारायचे, "कितवर गेलं रे आता?"

आई गेली त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबा कायमचे आमच्याकडे आले. विमानतळावरून घरी आल्यावर ते आधी मागच्या अंगणात गेले आणि मान वर करून बराच वेळ झाडाकडे बघत राहिले. "बाप्पा! हे तर फोटोत मावतच नव्हतं," म्हणाले.

मग हिवाळा आला. नागपूरला थंडीत बाबांचा नेम असायचा: सकाळी गच्चीत पाठ उन्हाला देऊन बसायचं, तुरीच्या शेंगा सोलायच्या, पेपर वाचायचा, अंग तापलं की उठायचं. इथे त्यांनी फॅमिली रूममधल्या दक्षिणेच्या मोठ्या खिडकीशी खुर्ची लावली. थोड्या वेळाने खुर्ची डावीकडे सरकली. मग उजवीकडे. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला. बेसमेंटमधल्या ऑफिसात मीटिंगला बसलेल्या मला डोक्यावर खुर्चीचे पाय घासल्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, बाबांना करमत नाहीये. मी त्यांना मराठी चॅनेल लावून दिले. हीटिंग वाढवलं. एक इलेक्ट्रिक ब्लँकेट आणलं. ते त्यांनी घडी घालून जपून कपाटात ठेवलं.

हिवाळ्यात इथला सूर्य भर दुपारीसुद्धा आभाळाच्या कडेकडेने जातो. उन्हाळ्यात पायाशी घोटाळणारी स्प्रूसची सावली डिसेंबरात लांबलचक होऊन थेट आमच्या खोलीत, मागच्या भिंतीपर्यंत यायची. खिडकीला हिरवा पडदा लावावा तशी. हे रोज माझ्या डोळ्यांसमोर होत होतं, आणि मी दिवे लावत होतो.

दुसऱ्या हिवाळ्यात खुर्चीचा आवाज बंद झाला. मी म्हटलं, चला, रुळले.

त्याच सुमारास बायको गाडी घरासमोरच्या ड्राइव्हवेत तिरकी उभी करायला लागली. गराजमध्ये न घालता, नाक घराच्या कोपऱ्याकडे करून. मी वीस वर्षं तिच्या पार्किंगवर बोलत आलोय, त्यामुळे मला नवीन विषय मिळाला. "गाडी लावलीयेस की टाकून दिलीयेस?" मी विचारायचो. ती नुसतं बघायची. एरवी माझं एक वाक्य खाली पडू देत नाही ती.

जानेवारीतल्या एका दुपारी मीटिंग कॅन्सल झाली म्हणून मी वर आलो. बाबा खोलीत नव्हते. बाहेर आलो, तर गाडीत होते. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर, स्वेटर, मफलर, मांडीवर शाल, डोळे मिटलेले. मी घाबरून काचेवर टकटक केलं. त्यांनी डोळे उघडून दार ढकललं. आतून उबेची एक लाट आली.

"बाबा, कुठे जायचंय का? मला हाक मारायची ना."

"कुठे नाही रे. बसून राहिलो असाच. इथे ऊन येतं."

एवढंच म्हणाले. शर्टाची बटणं लावताना सांगावं तसं.

मी घरात आलो. "तुला माहीत होतं?"

"गाडी मीच लावते ना तशी," बायको म्हणाली. "अकरा ते दोन घराच्या कडेने समोरच्या काचेतून छान ऊन येतं. गराजकडे तोंड केलं तर नाही येत."

"मग मला सांगायचं ना!"

"बाबांनी शपथ घातली होती. त्याच्या हातचं झाड आहे, त्याला वाईट वाटेल, म्हणाले. आणि तू विचारलंस कुठे? तू पार्किंगवर बोलत होतास."

त्या दिवशीच मी झाड तोडायला हवं होतं. मी टाउनशिपचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, परवानगीचा फॉर्म डाउनलोड केला. झाड तोडण्याचं कारण लिहायला एकच ओळ होती. तिथे काय लिहावं यावर मी दोन आठवडे विचार केला. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "काहून तोडतो? वाढतं झाड आहे. माझ्यासाठी जित्या झाडावर कुऱ्हाड नको घालू." मला तर तेच ऐकायचं होतं. म्हटलं, बाबाच नको म्हणतात. पुढे म्हटलं, आता काय, मार्चमध्ये ऊन चढेलच. उन्हाळ्यात फांद्यांत कुणी तरी घरटं केलं. ऑक्टोबरमध्ये ऑफिसात नवीन सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. दिवाळीला जमलेल्या मंडळींना मी त्याच झाडासमोर उभं करून फोटो काढले आणि ते किती भराभर वाढलं ते सांगितलं. बाबा माझ्या शेजारी उभे होते. मान डोलावत होते.

तिसऱ्या थंडीत त्यांचा खोकला हटेना. गाडीतही बसवेना. डिसेंबरच्या सुरुवातीला म्हणाले, "मी ताईकडे जाऊन येतो. होळीनंतर परततो." ताई म्हणजे माझी मोठी बहीण, नागपूरलाच असते. विमानतळावर व्हीलचेअर ढकलणारा माणूस वाट बघत होता, आणि बाबा मला समजावत होते, "झाडाचं मनात घेऊ नको. तोडू नको बरं."

ते गेले आणि मी फॉर्म भरला. कारणाच्या ओळीत इंग्रजीत 'सन', ऊन, एवढंच लिहिलं. परवानगी आठवडाभरात आली. तीन माणसं आली, दुपारच्या जेवणाआधी झाड आडवं झालं आणि संध्याकाळी त्याचा भुसा झाला. मला वाटत होतं, होळीनंतर त्यांना त्या खोलीत नेऊन बसवायचं आणि काही बोलायचंच नाही.

फेब्रुवारीत बाबा ताईच्या घरी बाथरूममध्ये पडले. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन गच्चीपर्यंत जातात. पण डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. कायमचा.

यंदाच्या जानेवारीत फॅमिली रूममध्ये सकाळी नऊपासून ऊन येतं ते चारपर्यंत हलत नाही. कार्पेट तापतं. हीटिंग कमी करावं लागतं. तिथे कुणी बसत नाही. मी एकदा पेपर घेऊन बसून बघितलं, पंधरा मिनिटांत उठलो.

दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. मी खाली बेसमेंटमध्ये बसून करतो, तिथे खिडकी नाही. परवा बाबा गच्चीत होते, तोंडावर ऊन, डोळे बारीक केलेले. तब्येतीचं बोलून झालं, आणि त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "झाड कसं आहे रे?"

झाड तोडलं म्हणून सांगितलं तर ते विचारणार, कशासाठी? त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते आता त्यांना देऊन काय करू?

"मस्त आहे," मी म्हणालो. "यंदा दोन फूट वाढलं. बर्फाने नुसतं लगडलंय."

"बरं झालं तोडलं नाहीस," बाबा म्हणाले.

बायको चहा घेऊन जिन्यावर उभी होती. फोन ठेवल्यावर तिने कप माझ्यापुढे ठेवला. "दर रविवारी दोन फूट," ती म्हणाली. "थोडं हळू वाढव. त्यांना हिशोब कळतो."