‘नंतर’ला बंदी

शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से खडूच्या भुकटीसारखे साचतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण टेबलावर बोट फिरवलं की लागतातच! आमच्या अणदूरच्या शाळेतले गेल्या वर्षातले किस्से तर एकाच शब्दापायी घडले.

बायको गेल्यावर पंधरा दिवसांनी मी शाळेत परतलो. कांबळे सरांनी चहा पुढं सरकवला. “सर, वहिनींचं काही राहून गेलं का?”

“स्कूटी,” मी म्हणालो. “तिच्या भावानं दिलेली. ‘मला शिकवा की’ म्हणायची. मी म्हणायचो, नंतर बघू. अंगणात झाकून ठेवलीय.”

दुसऱ्या दिवशी फळ्यावर कांबळे सरांचं टपोरं अक्षर : ‘या खोलीत जो “नंतर” म्हणेल, त्यानं ते काम आजच करायचं. बाकीच्यांनी सोबत जायचं.’

*

पहिली विकेट शेख मॅडमची! गाल धरून म्हणाल्या, “दाढ लई ठणकतीय. परीक्षा होऊ द्या, नंतर दाखवीन.”

शाळा सुटताच आमची वरात नळदुर्गच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, “पेशंट कोण?” हेडसर, शिपाई सुदाममामा आणि मी, तिघांनी मॅडमकडं बोट केलं. मॅडमनी दाराकडं पाहिलं, तर तिथं कांबळे सर आडवे!

डॉक्टर म्हणाले, “अहो, एवढी माणसं माझ्या उद्घाटनाला नव्हती!”

*

सुदाममामांचा कोट लेकीच्या लग्नात शिवलेला. तेव्हापासून पेटीतच. “चांगल्या कार्यक्रमाला घालू की नंतर!” म्हणाले आणि सापडले. लगेच घरी पाठवलं, कोट घालून आले.

हेडसर तुळजापूरच्या मीटिंगहून दुपारी परतले. व्हरांड्यात कोटवाला पाठमोरा माणूस! त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि जवळजवळ पळतच गेले. “या साहेब, या! कळवलं असतं तर...”

मामा वळले. “सर, घंटा देऊ का?”

तेव्हापासून मामा रोज कोटातच येतात!

*

हेडसरांचं सास्तूरच्या धाकट्या भावाशी शेताच्या बांधावरून बोलणं बंद. अकरा वर्षं! “बोलू नंतर कधीतरी,” ते एकदा पुटपुटले. शेख मॅडमनी नुसतं फळ्याकडं बोट दाखवलं. हेडसरांनी नंबर लावला, कांबळे सरांनी स्पीकर लावला.

“कोण?”

“मी... आण्णा.”

मग पलीकडून, “नंबर व्हता व्हय तुमच्याकडं?”

“होता.”

“मग अकरा वर्षं मुहूर्त काढत व्हता का? हुरडा आलाय, रविवारी या. आन् बांधावरनंच या, तितनं जवळ पडतं!”

*

आणि मग मी. वह्या तपासत होतो. शेख मॅडमनी सहज विचारलं, “सर, स्कूटीचं काय केलं?”

“बघू नंतर.”

चारी लाल पेनं थांबली. माझंसुद्धा.

संध्याकाळी सगळे माझ्या अंगणात. कांबळे सरांनी मेकॅनिक आणला, पेट्रोल भरलं. सीटवरचं प्लॅस्टिक अजून तसंच होतं. ते मी काढलं. मेकॅनिकनं गाडी शाळेच्या मैदानावर आणली.

“घ्या, मारा चक्कर!” कांबळे सरांनी किल्ली दिली.

मी किल्ली घेऊन उभाच. “मला येत नाही.”

“काय येत नाही?”

“चालवायला.”

रोज मी कांबळे सरांच्या मोटरसायकलवर मागं बसून येतो, ते पेट्रोल वाचवायला, असं सगळ्यांना वाटायचं. कॉलेजात असताना गाडी चालवायचो, असं मी बायकोलाही सांगितलं होतं.

शेख मॅडम पदर खोचून पुढं आल्या. “बसा! चाकाकडं बघू नका, समोर बघा. मामा, मागनं धरा!”

कोटातले सुदाममामा गाडी धरून पळू लागले. पहिल्या चक्करला मी दोनदा पाय टेकले. दुसरीला एकदा. तिसरीला मागं वळून बघतो तर मामा पार घंटेजवळ उभे! मी एकटाच चाललो होतो! चौथी, पाचवी, सहावी... पाचव्या चक्करपर्यंत टाळ्या होत्या.

सातवीला कांबळे सर दोन्ही हात वर करून ओरडले, “सर, बास! थांबा आता!”

“नंतर!” मी ओरडलो, आणि फाटकातून बाहेर पडलो.