पोळपाटावरचं विमान

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी गाडी शिकायला घेतली आणि पहिल्याच आठवड्यात तात्यापाऱ्यातल्या आमच्या घराचं फाटक आतल्या बाजूनं पाडलं. फाटक नंतर उभं झालं, पण त्याचा एक पल्ला अजूनही थोडा वाकून असतो, आल्यागेल्याला माझी ओळख करून देत. तेव्हापासून मी गाडीला हात लावला नाही. विमान मात्र चालवते. घरी, लॅपटॉपवर.

त्याला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. पडद्यावर चालकाच्या जागेवरून दिसावं तसं सगळं दिसतं, खाली वेगाची आणि उंचीची घड्याळं असतात आणि विमान चालतं कीबोर्डवर. खालचा बाण दाबला की नाक वर जातं, वरचा दाबला की खाली. हे उलटं गणित डोक्यात बसायलाच मला दोन महिने लागले. नवरा म्हणतो, बरं आहे, इथं फाटक नाही.

हा खेळ माझ्यापुरताच राहिला असता. पण गेल्या वर्षी पुण्याला नणंदेला मुलगी झाली. सासूबाईंची पहिली नात. त्यांनी खणाची कुंची शिवली, कडेला लाल गोंडे लावले आणि बारशाला जायची बॅग काढली. तेवढ्यात त्यांची कंबर धरली. डॉक्टरांनी सांगितलं, रेल्वेचे धक्के सहा महिने नकोत. पुण्याची गाडी म्हणजे एक रात्र आणि वर अर्धा दिवस. विमानानं दोन तास.

सासरे, म्हणजे आमचे बाबा, म्हणाले, "विमानात मी नाही बसत."

बाबांनी सगळी नोकरी रेल्वेत इंजिन चालवण्यात काढली, नागपूर ते बिलासपूर. डोंगरगडचा चढ त्यांना स्वतःच्या जिन्यासारखा पाठ आहे. रुळावर नसलेल्या कुठल्याही वाहनाबद्दल त्यांचं मत वाईट आहे. आणि ते नाहीत तर सासूबाईही जाणार नाहीत, कारण बाबांच्या गोळ्या कुठल्या वेळी कुठल्या, हे जगात एकट्या आईंना माहीत आहे. मी सोबत येते म्हटलं, तर म्हणाल्या, "तू कंबर पाहशील माझी. यांचं कोण पाहीन?"

बारशाला तीन आठवडे होते. मी म्हटलं, बाबांना विमान समजावून सांगू. घरात पायलट असताना काळजी कशाला.

एका रविवारी दुपारी दोघांना लॅपटॉपसमोर बसवलं. आमच्या शहराच्या माना विमानतळावरून माझं छोटं विमान व्यवस्थित उडालं. आई म्हणाल्या, "अगं बाई, तेलीबांध्याचा तलाव दिसून राहिला." बाबा पडद्यावर चालकाशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते.

"इथं कोणी नाही का?"

"गरजच नसते बाबा. मी एकटीच उडवते," मी म्हणाले. अभिमानानं म्हणाले, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

मग उतरायची वेळ आली. वेग कमी करायला एफ-टूची कळ दाबायची असते. माझ्या लॅपटॉपवर तीच कळ पडद्याचा उजेडही कमी करते, म्हणून सोबत कोपऱ्यातली आणखी एक कळ धरावी लागते. त्या दिवशी प्रेक्षकांपुढे ती राहिली. मी दाबतेय, पडदा काळवंडतोय, वेग आहे तिथंच. मी आणखी दाबलं. पूर्ण अंधार झाला. चाचपडत उजेड आणला, तेव्हा विमान त्याच तलावात नाक खुपसून होतं, जिथं आम्ही संध्याकाळी भुट्टे खायला जातो.

बाबा उठले. "झालं?" म्हणाले आणि पेपर घेऊन बाहेर जाऊन बसले.

तोपर्यंत त्यांचा नुसता नकार होता. आता त्याला पुरावा मिळाला. दूधवाल्या भैयालाही त्यांनी सांगितलं, "बहू ने दिखा दिया, भैया. सीधा तालाब में." आईंनी कुंची कपाटात ठेवली. संध्याकाळी पोळ्या लाटताना एवढंच म्हणाल्या, "लेकराचं डोकं काही थांबत नाही. वाढूनच राहिलं असन."

पुढच्या रविवारी ऑफिसातल्या मैत्रिणीची जॉयस्टिक मागून आणली. कीबोर्ड नको, हातात दांडा असला की बरं. जॉयस्टिकच्या बुडाचे रबर गेलेले होते, दांडा ओढला की सगळं प्रकरण मांडीवर यायचं. शेवटी ती पोळपाटावर परकराच्या नाडीनं बांधली आणि पोळपाट मांड्यांत घट्ट धरला.

"पोळ्या कशावर लाटू आता?" आई.

"आज भात, आई."

कोणाला दाखवायचं नव्हतं. मला फक्त एकदा नीट उतरायचं होतं. बाबा मागच्या दिवाणावर चहा घेत होते, पाठ करून. पण इंजिनाचा आवाज बदलला की त्यांची पाठ वळत होती.

"स्पीड पाहून राहिली का तू?" शेवटी ते म्हणाले.

"समोर पाहू का घड्याळ पाहू, बाबा?"

त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला, वेगाचं घड्याळ कुठलं, उंचीचं कुठलं, विचारून घेतलं. मग हात वर करून खणखणीत आवाजात म्हणाले, "वेग नव्वद."

मी दांडा धरून समोर बघत राहिले.

"वेग नव्वद," ते पुन्हा म्हणाले. "अवो पोरी, मी बोललो की तू परत बोलायचं. नाही तर तुले ऐकू आलं का नाही, मले कसं समजावं? इंजिनात असिस्टंट सिग्नल बोलते, ड्रायव्हर तेच परत बोलते. दोघायचंही तोंड चाललं पाहिजे. गप्प बसला तो झोपला."

"वेग नव्वद," मी म्हणाले.

"जास्त आहे. कमी कर."

"कमी करते."

"वेग सत्तर. उंची पाचशे."

"सत्तर. पाचशे."

असं बोलत आम्ही दोघं मानाला उतरलो. विमान एकदा उडी मारून पुन्हा टेकलं, गवताच्या कडेला जाऊन थांबलं. पण सगळं शाबूत थांबलं. बाबांचा हात अजून वर होता.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "खऱ्या विमानातही असंच असते का? दोघं?"

"हव. दोघं असतात. एक बोलतो, दुसरा परत बोलतो. कागदावरचं एकेक वाचून."

"प्रत्येक खेपेले?"

"प्रत्येक."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "मंग हे पहिलेच काहून नाही सांगितलं? तू मले एकटी उडवून दाखवून राहिली होती."

मग उठता उठता म्हणाले, "तिकीट काढशीन तं खिडकी तुह्या सासूले घेजो." आत आईंनी कपाट उघडल्याचा आवाज आला.

दोघं पुण्याला पोचल्यावर आईंचा फोन आला. बाबांनी दारातच हवाईसुंदरीला विचारलं होतं, "दोनों ड्राइवर ड्यूटी पर हैं ना?" ती हो म्हणाली, तेव्हाच पट्टा बांधला. उतरताना मात्र हात वर करून काहीतरी पुटपुटत होते.

"आणि तुम्ही काय केलं?"

"काय करतो? समजलं तेवढं परत म्हटलं," आई म्हणाल्या. "नाही तर उगाच घाबरले असते."

मग मी कुंचीचं विचारलं. बसली, म्हणाल्या. जराशी घट्ट होते, नाडी नाही बांधत आता, नुसतीच ठेवतो डोक्यावर.