चार बाटल्या, एकच पदार्थ

आकुर्डीच्या कॉलेजात सुनंदा मॅडमना त्यांच्याच विभागप्रमुखांनी फसवलं. आज खणात नोटा तपासायचा जुना जांभळा टॉर्च सापडला आणि ती दुपार आठवली.

मी पावडर कोटिंगवाला, लोखंडावर रंगाची पूड भाजून चढवतो. रंग बदलायचा तर पूड बदलायची, एवढंच मला ठाऊक. प्रयोगशाळेत रॅक पोचवायला गेलो, तेव्हा तापलेल्या तेलाचा वास भरला होता. मॅडम एकाच चंबूतून थोड्या थोड्या वेळाने थेंब काढून बाटल्या भरत होत्या. मी खिशातला टॉर्च बाटल्यांवर मारला. हिरवी, पिवळी, नारिंगी, शेवटची लालभडक.

"मॅडम, मला येडं समजता? रंग मिसळलाय."

"भाऊ, पदार्थ एकच. कण वाढतात तसा रंग बदलतो. लहान कणात इलेक्ट्रॉनला जागा कमी पडते, म्हणून प्रकाश निळ्याकडे सरकतो. नवा चंबू तापवते, घ्या, तुम्हीच थेंब काढून बघा."

काढले. रंग तसाच बदलत गेला. घासाघीस न करता रॅकचे पैसे घेतले, ते आयुष्यात तेवढंच.

पुढे प्रदर्शनात त्याच बाटल्या दिसल्या. चिठ्ठ्यांवरचं अक्षर मॅडमचं, फलकावर नाव फक्त विभागप्रमुख साहेबांचं. तेव्हा वाटलं, आपल्याला काय करायचंय. आज कळतं, साक्षीदार मीच होतो.

साहेब, त्या दुपारी तुम्ही तिथे नव्हता. मॅडमचं नाव कुठे गेलं, सांगा.