सगळ्यात शेवटी उतरणारी

आम्रपाली ओव्हाळ रविवारी चिडते. सोमवार ते शुक्रवार तिला सवड नसते; सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसलेल्या बाईने चिडायचं ठरवलं, तर जिल्ह्याचं निम्मं टपाल तसंच पडून राहील. शनिवारी धुणी, बाजार, सासूबाईंचा दवाखाना. त्यामुळे आठवड्याचा सगळा राग रविवारसाठी राखून ठेवलेला, आणि रविवारी केयूर असतो.

केयूर म्हणजे ‘ट्रेल अँड टॅप’चा मालक. वय एकतीस, दाढी कोरलेली, बोलणं अर्धं इंग्रजीत आणि उरलेलं मराठीत. धंदा असा, की सकाळी लोकांना एखाद्या गडावर न्यायचं आणि दुपारी शहरात आणून एखाद्या ब्रुअरीत बसवायचं, जिथे बिअर तिथल्या तिथे बनते आणि काचेआडच्या तांब्याच्या टाक्यांपुढे उभं राहून लोक फोटो काढतात. ‘आधी घाम, मग जाम’ असं त्याने टी-शर्टवर छापून घेतलं होतं. आम्रपालीने तो टी-शर्ट घरी फरशी पुसायला घेतला.

ती स्वतः पीत नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून त्या घरात दारूचा थेंब आलेला नाही. पण पिणाऱ्यांवर तिचा राग नव्हता. दमल्याभागल्या माणसाने थंडगार काही प्यावं, त्यात वावगं काय? राग होता घड्याळावर. साडेबाराचं टेबल राखलेलं, एक वाजता तिथला बिअर बनवणारा ब्रूमास्टर येऊन जव आणि हॉप्स नावाच्या कडू फुलांवर व्याख्यान देणार, म्हणून गड अकराच्या आत उतरायचा. डोंगराला वेळेत आवरायला सांगणारी ही पहिलीच जमात तिने पाहिली.

तिचं काम एकच होतं, आणि सतरा वर्षं, केयूरने हा ग्रुप हातात घेण्याच्या कितीतरी आधीपासून, ती ते करत होती. सगळ्यांच्या मागे चालायचं. कुणाचा पाय मुरगळला, कुणाचा धीर सुटला, कुणी फोटोच्या नादात मागे राहिला, तर त्याच्या मागे आम्रपाली. उतरण्याआधी ती गडाला एक पूर्ण फेरी मारायची, प्रत्येक बुरुजावर डोकावायची, आणि मगच खाली यायची. पायथ्याला सगळे ओळीत उभे राहून आपापला नंबर ओरडायचे, शाळेतल्या पोरांसारखे. सतरा वर्षांत एकही माणूस तिने वर टाकला नव्हता. पगार तिला कचेरी देत होती; अभिमान हा एवढाच होता.

केयूरने नंबर ओरडणं बंद केलं. “ताई, क्लायंट्सना चाइल्डिश वाटतं.” त्याऐवजी प्रत्येकाच्या मनगटाला एक केशरी पट्टा. पट्टा दाखवला की ब्रुअरीत चवीचे चार छोटे ग्लास आणि एक मोठा मिळायचा. पायथ्याला पट्टे मोजले की झालं. फेरीबद्दलही त्याची कुरकुर होतीच. मागच्या तीन रविवारी त्याने सगळ्यांदेखत ऐकवलं होतं, “ताईंच्या फेरीपायी आपलं टेबल जातं.” आम्रपालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं वाईट असतं, हे केयूरला ठाऊक नव्हतं.

त्या ऑक्टोबरातल्या रविवारी मल्हारगड होता. दिवे घाट चढून झेंडेवाडीला बस लावायची आणि तासाभरात वर. पट्टेवाले चोवीस, आणि पंचविसावे सीताराम वाबळे. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले केमिस्ट, वय सदुसष्ट, मांजरीला मुलीकडे राहायचे. मुलीनेच आदल्या दिवशी त्यांचं नाव घातलं होतं. केयूर पट्टा बांधायला गेला तर काकांनी हात मागे घेतला. “नको रे बाबा. जन्मभर मळीचा वास घेतलाय. मला आपलं लिंबू-सोडा चालेल.”

“माझ्यासारखंच,” आम्रपाली म्हणाली आणि ब्रुअरीला फोन करून दोन लिंबू-सोडे सांगून ठेवले. मग नेहमीप्रमाणे तिने सगळ्यांना बजावलं, “मी सगळ्यात शेवटी उतरते. माझ्यामागे कुणी राहत नाही.” काकांनी मान डोलावली.

वर छान झालं सगळं. पुरंदर स्वच्छ दिसत होता, शेफाली नावाच्या एका मुलीने सगळ्यांना चिक्की वाटली. पावणेअकराला आम्रपाली फेरीला निघणार, इतक्यात खालून केयूरचा फोन आला. “ताई, सगळे खाली आहेत. मी बँड मोजले, चोवीस. आता प्लीज फेरी नको. तुमच्या एकटीसाठी बस थांबलीय.”

तुमच्या एकटीसाठी! तिने समोर पसरलेल्या तटाकडे पाहिलं, हातातल्या फोनकडे पाहिलं. बरं, म्हणाली. तुझे पट्टे, तुझी मोजणी, तुझी जबाबदारी. उद्या काही झालं तर निस्तर तूच. आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा ती फेरी न मारता उतरली. कामाचा कंटाळा म्हणून नव्हे, निव्वळ रागाच्या भरात. खाली तिने कुणाशी शब्द काढला नाही. सहासातजण आपापल्या गाड्यांनी आले होते, त्यामुळे बसमधल्या रिकाम्या सीटचं कुणाला काही वाटलं नाही.

मुंढव्याच्या त्या ब्रुअरीत थंडगार हवा होती आणि गाणी मोठ्याने लागलेली. लोकांनी बूट सैल केले. वेटरने लाकडी फळ्यांवर मांडलेले ग्लास आणले, पट्टे पाहून पाहून वाटले, आणि मग दोन लिंबू-सोडे आणले. एक आम्रपालीने घेतला. दुसरा टेबलावर तसाच राहिला.

“हा कुणाचा आहे?” शेफालीने विचारलं.

“काकांचा.”

“कोणते काका?”

आम्रपाली उठली. तिने टेबलं पाहिली, बाथरूमकडचा बोळ पाहिला, बाहेर पार्किंगमध्ये जाऊन आली. ती केयूरपाशी गेली.

“वाबळेकाका नाहीयेत.”

“उतरले असतील ना ताई. कॅब केली असेल.”

“झेंडेवाडीला कॅब? विमानच का नको?”

“पण मी मोजले होते. ट्वेंटी-फोर. माझं काउंट परफेक्ट होतं.”

“परफेक्टच होतं. तू ग्लास मोजलेस. माणसं पंचवीस होती.”

केयूरने आवाज खाली आणला. “ताई, दहा मिनिटांत ब्रूमास्टर येतोय. आत्ता ग्रुपला नको सांगायला. सगळी मजा जाईल. एकदा हे उरकू दे, मग बघू.”

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ते हे असं. आम्रपालीने हात वर करून गाणं बंद करायला लावलं. कचेरीतला एक जुना साहेब सोडला तर एवढा आवाज तिने कुणावर चढवला नव्हता.

“ऐका! आपल्यातला एक म्हातारा माणूस गडावर राहिलाय, ऑक्टोबरच्या उन्हात, आणि आपण इथे फेस फुंकतोय. याला वाटतं तुमची मजा जाईल. गेली का? जाऊ दे!”

“ताई, इथे सीन नको,” केयूर म्हणाला.

“सीन तिकडे वर आहे. इथे नुसती टेबलं आहेत.”

शेफाली तेवढी पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन तिच्यामागे दारापर्यंत धावत आली.

बसचा ड्रायव्हर उत्तरेश्वर, लातूरकडचा, पार्किंगमध्ये सावली बघून डबा खात बसला होता. तिने सांगितलं तसा त्याने घास तसाच डब्यात ठेवला. “माझ्या गाडीत आलेलं माणूस वरी राहिलं? मी बी मोजलं न्हाई की ताई. माझंच चुकलं. बसा.”

त्याचं काही चुकलं नव्हतं. तरी तो पटकन म्हणून मोकळा झाला, आणि आम्रपालीला त्याचाही राग आला.

हडपसरच्या गर्दीत बस अडकली. तिने काकांना फोन लावला. रिंग बसमध्येच वाजली. शेवटच्या सीटवर फोन चार्जिंगला लावलेला होता. तिने तो हातात घेतला तोच त्याच्यावर दुसरा फोन आला, ‘राजनंदिनी’ असं नाव. काकांची मुलगी. आम्रपाली बघत राहिली आणि फोन वाजून वाजून बंद झाला. राग होता तिच्याजवळ, धीर नव्हता.

मग तिने झेंडेवाडीच्या गोदाबाईंना लावला. पूर्वी गड उतरला की सगळे त्यांच्या ओट्यावर पिठलं-भाकरी खायचे.

“न्हाई बाई, या वाटंनं कुणी उतरलं न्हाई,” गोदाबाई म्हणाल्या. “सकाळधरनं दारातच हाय मी. घरची समदी लग्नाला गेल्यात, माझं गुडघं हे असं, न्हाईतर वर कुणाला धाडलं आसतं. पयली तुमी जेवाया थांबत व्हता तवा मी ताटं मोजून वाढायची, एक बी कमी-जास्त झालं तर मला कळायचं. आता तुमची मान्सं दम खायाला बी थांबत न्हाईत.”

आम्रपालीने फोन ठेवला. घाट चढेपर्यंत ती केयूरला काय काय सुनावायचं ते मनात जुळवत होती. पोलिसात जाईन, मुलीला तुझ्यासमोर उभी करीन, तुझे पट्टे तुझ्या गळ्यात बांधीन. एकेक वाक्य घोटून तयार केलं. त्या वाक्यांना लगाम नव्हता, कारण ती थांबली असती तर पावणेअकराचा तो तट तिच्या डोळ्यांपुढे आला असता.

तासाभराची वाट तिने पस्तीस मिनिटांत काढली. घसा कोरडा पडला, पायात गोळे आले. दोन वाजून गेले होते. दरवाजातून आत शिरताच तिला हाक ऐकू आली, बसलेल्या घशाची, चिरकी.

“ताई! ओ ताई!”

मदतीला हाक मारताहेत, असं समजून ती धावली. काका बालेकिल्ल्याजवळच्या विहिरीशी होते. काठावर पोटावर पालथे पडले होते आणि डोकं विहिरीत घालून ओरडत होते. “ताई! आवाज द्या हो! ताई!”

“काका!”

त्यांनी मान वळवली. चेहरा लालबुंद, ओठ फुटलेले, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. तिला पाहिलं आणि ते तिथेच बसकण मारून बसले. मग एकदम भडकले.

“कुठे होतात तुम्ही? अहो, तीन तास झाले, ओरडून ओरडून घसा बसला माझा! मी त्या टोकाच्या बुरुजावर पाच मिनिटं टेकलो. डुलकी लागली. उठून बघतो तर खाली बस गेलेली, वर कुणी नाही. म्हटलं, ताई तर शेवटी उतरतात. म्हणजे त्या वरच असणार. कुठे तरी पडल्या असतील, चक्कर आली असेल. सगळे बुरूज पाहिले, तटाखाली पाहिलं, देवळामागे पाहिलं. मग ही विहीर राहिली होती.”

“तुम्ही खाली गावात का नाही गेलात?” तिने विचारलं.

“आणि तुम्हाला टाकून? असं कसं उतरायचं?”

तिने बाटली उघडून त्यांच्या हातात दिली. पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडलं. घाटात घोटून ठेवलेलं प्रत्येक वाक्य केयूरसाठी होतं. या माणसाला सांगण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

“काका, मी वर नव्हते. मी केव्हाच खाली गेले होते.”

त्यांना कळेना. “म्हणजे तुम्ही शोधलंत मला, मी सापडलो नाही म्हणून गेलात?”

कुणीही हो म्हटलं असतं. एवढ्या मोठ्या तटावर, झोपलेला माणूस, नाही दिसला. खपून गेलं असतं. काका तर हो ऐकायला तयारच बसले होते.

“नाही,” आम्रपाली म्हणाली. “मी शोधलंच नाही. मला दुसऱ्याचा राग आला होता, म्हणून मी फेरी मारली नाही.”