मेहबूबभाईंची रबराची पाटी

मेहबूबभाई गवंडी जाऊन दीड महिना झाला. नळदुर्गच्या बाजारात अजून कुणी ना कुणी थांबवून विचारतं, "मास्तर, कसं झालं हो?" मी सांगतो, बारवेची भिंत ढासळली. ते खोटं नाही... पण अर्धंच आहे.

निजामी गेली, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी चुना विझवताना त्यांचे डोळे गेले. ज्यांनी आखून दिल्याशिवाय आमच्या गावात साधा ओटा बांधला जात नसे, ते दारात नुसते बसून राहिले. मी शाळेत चित्रकला शिकवणारा. मला ते बघवेना. ढाब्यावरून ट्रकची फाटकी ट्यूब आणली आणि फळीवर ताणून ठोकली. तिच्यावर जाड कागद ठेवून बोथट दाभणानं रेघ ओढली, की ती मागच्या बाजूला उठून यायची. मग कागद उलटायचा आणि बोटांनी बघायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी आपलं घर काढलं, उलटून चाचपलं आणि भडकले, "मास्तर, माझं दार शेजाऱ्याच्या अंगाला गेलं की हो!" मग पोटभर हसले. तेव्हापासून ते डावं-उजवं बदलूनच काढायचे, म्हणजे उलटल्यावर बरोबर यावं. कुणाला हात धरू देत नसत.

त्याला चार-पाच वर्षं झाली. यंदा उन्हाळ्यात गावच्या पायऱ्यांच्या बारवेचा गाळ काढायचं ठरलं. ते आधी एकटेच उतरले, भिंती ठोकून आले. चेहरा उतरला होता. "भिंत पोकळ बोलतीय, मास्तर. फुगून पोट आलंय तिला. मी कागदावर काढूनच देतो." त्या रात्री त्यांना ताप भरला. सकाळी त्यांच्या घरून भाभी कागद घेऊन आल्या. "ते म्हणले, फुल्या हायत तिथं टेके लावा."

मी कागद उन्हात धरला. फुल्या पायऱ्यांच्या उजव्या अंगाला दिसल्या. तिकडंच टेके लावून घेतले. उलटून बघायचं माझ्या ध्यानातच आलं नाही... डोळे होते ना मला!

तिसऱ्या दिवशी ताप उतरला तसे ते आले. गडी पायऱ्यांवर उभे होते. "आधी मी हात लावून बघतो," म्हणत ते खाली गेले आणि डावीकडं वळले.

"मास्तर, टेका कुठाय?"

"उजवीकडं, मेहबूबभाई!"

त्यांनी भिंतीला हात लावला. मग शांतपणे म्हणाले, "कुणी उतरू नका." त्यानंतर धुरळाच आला.

भाभींनी ती पाटी मला परत आणून दिली; तो कागद माझ्याकडंच होता, तो मी तिच्यावर ठेवलाय. मी रोज डोळे मिटून तो उलटतो. बोटांना पायऱ्या लागतात, आणि फुल्या डावीकडं. भाभींना वाचता येत नाही. हे छापून आलं की मीच त्यांना वाचून दाखवणार आहे, आणि त्यांचं बोट धरून कागदाच्या मागच्या बाजूवर ठेवणार आहे.