मी ठेवलेलं नाव

आमच्या वर्कशॉपमध्ये एकाला सगळे ‘शास्त्रज्ञ’ म्हणतात. ते नाव मी ठेवलं. गमतीत ठेवलं असं सगळ्यांना वाटतं, बहुतेक त्यालाही. ती गंमत नव्हती. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही, बायकोजवळसुद्धा नाही.

वर्कशॉप वारूळवाडीला आहे. ट्रॅक्टरच्या मागं जोडायची अवजारं आणि शेताला लागणारं बारीकसारीक लोखंडी काम आम्ही करतो. हे नाव पडलं त्या साली एका बागायतदारानं गाडा मागितला होता. टोमॅटोच्या तोड्याला बाया भरलेले क्रेट डोक्यावर घेऊन सरीतून बांधापर्यंत येतात. त्या सरीत चालेल असा अरुंद, हातानं ढकलायचा गाडा. मी बनवला. पण पाणी दिलेल्या सरीत चाक पार बुडायचं. मोठं चाक लावलं, रुंद लावलं, जोडचाक लावलं. जमेना. आणि ‘मला जमत नाहीये’ हे तोंडातून निघेना. मालकाला सगळं यायलाच हवं, अशी माझी समजूत होती.

बागायतदार गाडा बघायला आला त्या दिवशी आमचा एक वेल्डर शेजारीच काम करत होता. डिंभ्याचा. घरची मासेमारी. वेल्डिंगची काच तोंडासमोर असली तरी याची बडबड चालूच. मी चाकाबद्दल काहीतरी थापा मारत होतो, तेवढ्यात त्यानं काच खाली घेतली.

“शेठ, ट्यूब लावा की. आमी धरणात ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी टाकतो. काठाच्या चिखलात पाय रुतत्यात, ट्यूब न्हाई रुतत. चाकाच्या जागी बारकी, जाड ट्यूब बशिवली अन् हवा निम्मीच ठिवली तर?”

ऐकताक्षणी मला कळलं, हे चालणार. बागायतदारालाही कळलं असावं. त्यानं माझ्याकडची मान वळवली आणि म्हणाला, “आँ? परत सांग बरं, भाऊ.”

ती वळलेली मान मला सोसली नाही. मी मोठ्यांदा हसलो. “घ्या! डिंभ्याचे शास्त्रज्ञ आले! पावणं, आता तुमची टोमॅटो होडीतनं आणायची बरं का!”

बागायतदार हसला. सगळं वर्कशॉप हसलं. तोही हसला, आणि काच परत तोंडासमोर धरून कामाला लागला.

त्या दिवसापासून त्याचं खरं नाव कुणी घेतलं नाही. “शास्त्रज्ञ, चहा सांगा.” “शास्त्रज्ञ, ग्राइंडर कुठं लपवला राव?” गाडा मी मागं पत्र्याखाली टाकला. ट्यूब लावून बघितली असती तर तो बरोबर होता हे कबूल करावं लागलं असतं. आमच्याच रानात माझी वहिनी क्रेट वाहायची. संध्याकाळी ओट्यावर बसून मान दाबत असलेली मला दिसायची, आणि मी चप्पल घालून बाहेर पडायचो.

वर्कशॉप हळूहळू शांत झालं. मला ते बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पाव्हण्यारावळ्यांत सांगायचो, “आमच्याकडं शिस्त आहे, सांगितलं तेवढंच करतात.” नवीन काही सुचायचं माझंही थांबलं होतं, पण ते ध्यानात आलं नाही. कृषी प्रदर्शनात जायचं, दुसऱ्याच्या मशीनचे मोबाईलवर फोटो काढायचे आणि तसंच जोडायचं. डोकं असं कुठं लागतच नव्हतं.

मग सरी पाडायच्या रिजरची एक मोठी ऑर्डर आली. जोडणीच्या भोकांचं माप मी दिलं आणि चुकीचं दिलं. माल गेला, एकही रिजर ट्रॅक्टरला बसेना. सगळा परत आला. आमच्या लेथवर जुन्नरचे चाचा आहेत, वयानं माझ्याहून मोठे, घरात पिढ्यान्‌पिढ्या लोखंडाचं काम. भोकं त्यांच्याच हातची.

“चाचा, तुम्हाला दिसलं नाही?”

“दिसलं की.”

“मग बोलला का नाही?”

त्यांनी लेथ बंद केला. फडक्याला हात पुसले. “बोलून शास्त्रज्ञ कोन हुनार, शेठ?”

टोमणा मारायचा म्हणून बोलले नव्हते. विचारलं म्हणून सांगितलं. शास्त्रज्ञ पलीकडं पाती घासत होता. त्यानं मान वर केली नाही.

मी बाहेर जाऊन परत आलेल्या मालाजवळ उभा राहिलो. तिथंच ठरवलं: या लोकांची तोंडं मी बंद केलीत, उघडायचीही मीच. आणि भाषण देऊन ती उघडणार नाहीत. हसण्यानं बंद झालीत, तर आधी माझ्यावर हसू दे.

आमच्याकडं गुरुवारी लाईट नसते. मशीन बंद, माणसं बसून. त्या गुरुवारी मी खडू घेतला आणि फरशीवर माझाच चुकलेला रिजर काढला. म्हणालो, “कुठं चुकलं सांगा. मला सगळं कळत नाही.”

चाचा वाकून बघत म्हणाले, “शेठ, ह्यो रिजर हाय का बाळाचा पाळना?”

हशा झाला. माझे कान तापले. तोंडावर आलेला शब्द मी गिळला आणि खडू त्यांच्यापुढं धरला. तेव्हा पहिल्यांदा कळलं, शास्त्रज्ञ त्या दिवशी काच धरून काय लपवत होता.

दर गुरुवारी मी फरशीवर बसत राहिलो. कधी कुणी यायचं, कधी मी एकटाच. पण हळूहळू खडू फिरायला लागला. एकानं नांगराचा जोड बदलून दाखवला, तो फसला, त्याला मी म्हणालो, “अजून एकदा कर, लोखंड माझं.” शास्त्रज्ञ मात्र दाराशी मोबाईल बघत उभा राहायचा.

मागं एका गुरुवारी मी तो जुना गाडा काढला, चाकासकट. शास्त्रज्ञ आत आला. चपलेनं माझ्या चाकावरची धूळ झटकली.

“ह्ये रुततंय, शेठ. तवाच सांगितलं व्हतं.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्या दिवशी का हसलो ते सांगायची वेळ तीच होती. मी एवढंच म्हणालो, “बरोबर आहे. बनव.”

त्यानं बनवला. पहिली ट्यूब सरीतल्या बांबूच्या खुटानं फुटली. तर स्वतःच ओरडला, “बुडाली होडी!” आणि सगळ्यांत जास्त तोच हसला. मग ट्यूबवर जुन्या टायरची पट्टी चढवली. आता गाडा वहिनीकडं चालवून बघतोय. ती म्हणते, “वळताना लई हट्टी हाय, पन मानंपेक्षा बरा.” वळणाचं काम तो आणि चाचा करताहेत, रोज भांडून. मी मधे पडत नाही.

सगळं जागेवर आलं असं कुणालाही वाटेल. पण सगळे अजूनही त्याला शास्त्रज्ञच म्हणतात, मायेनं म्हणतात, आणि तो ‘ओ’ देतो. कितीतरी गुरुवार गेले. प्रत्येक वेळी मी ठरवून जातो आणि रिजरवरच बोलून येतो. त्याची कल्पना मला त्याच क्षणी पटली होती, आणि पटली होती म्हणूनच मी हसलो, हे त्याला सगळ्यांसमोर, त्याच्या आईबापांनी ठेवलेल्या नावानं हाक मारून सांगायचं माझ्याकडून राहिलं आहे.